फळं संपेपर्यंत छाटणी नाही

दिवाळी सरली की पनवेलच्या सोसायट्यांमधून छाटणीचे निरोप येऊ लागतात. पावसाळ्यात माजलेलं कुंपण वेडंवाकडं दिसत असतं, फांद्या पार्किंगवर उतरलेल्या असतात, कुणाच्या तरी गॅलरीत पानं शिरलेली असतात. नवीन पनवेल आणि खांदा वसाहतीतल्या काही बागा सांभाळणाऱ्या माळीमामांचा फोन या दिवसांत सारखा वाजतो. मामा सिकेटरला तेल देतात, करवतीचे दात तपासतात. पण फांदीला हात लावण्याआधी बागेतून सावकाश एक फेरी मारतात. कोणत्या झाडाला फळ धरलंय, कोणतं पिकायला आलंय, कुठे पक्षी येऊन बसू लागलेत, हे त्यांना बघायचं असतं. छाटणीचा क्रम या फेरीत ठरतो. ड्युरांटाच्या कुंपणाला पिवळे मणी लोंबत असतील तर ते कुंपण सगळ्यात शेवटी. नुसत्या पानांची ॲकॅलिफा आणि क्रोटन आधी.

हा क्रम कुणी त्यांना शिकवलेला नाही. वर्षानुवर्षं एकाच बागेत राबणाऱ्या माणसाला झाडांबरोबर झाडांवरचे पाहुणेही ओळखीचे होतात. नीटनेटकं कुंपण आणि भरल्या पोटाचे पक्षी या दोन गोष्टी डिसेंबरात एकमेकींच्या आड येतात, हे मामांच्या लक्षात आलं ते असंच, काम करता करता.

थंडी, फळं आणि पक्षी म्हटलं की युरोपातल्या बर्फाची छायाचित्रं आठवतात. पानं झडलेल्या रोवनच्या झाडावर लाल फळांचे घोस आणि त्यांवर तुटून पडलेले वॅक्सविंग. तिथे कडाक्याच्या थंडीत किडे मिळत नाहीत, जमीन गोठलेली असते आणि फळ म्हणजे जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. पनवेलला बर्फ नाही की पानगळीने उजाड झालेले रस्ते नाहीत. पौषातही दुपारी खाडीकडचा दमटपणा जाणवतो. तरीही या दिवसांत फळांची चणचण असते आणि तिचं कारण वेगळं आहे. सह्याद्रीच्या या उतारावर रानमेव्याचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. तोरणं, करवंदं, जांभळं, अळू सगळं फाल्गुनापासून पुढे पिकतं आणि पहिल्या पावसाबरोबर संपतं. बोरं सोडली तर मार्गशीर्ष-पौषात रान फळांच्या बाबतीत हात आखडून असतं. आणि नेमके याच दिवसांत पाहुणे आलेले असतात.

पाहुण्यांमधल्या सर्वांत गडबड्या म्हणजे भोरड्या. अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळं; थव्याने येणार, थव्याने उठणार. पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात त्या टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवतात आणि पावसाळा संपण्याआधीच भारताच्या वाटेला लागतात. एप्रिलपर्यंत त्यांचा मुक्काम इथे. शेतात ज्वारी असेल तर ज्वारी, नाहीतर वडा-पिंपळाची फळं, आणि माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावरीचा मकरंद. हळद्याही याच काळात कोकणात जास्त दिसू लागतो. निळ्या डोक्याचा कस्तुर हिमालयातून पश्चिम घाटात उतरतो. त्यात इथले कायमचे रहिवासी मिळवा: शिपाई बुलबुल, लालबुड्या बुलबुल, तांबट, कुटुर्गा, कोकिळ, हरियाल, साळुंकी. एवढी खाणारी तोंडं आणि रानात फळांचा तुटवडा.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की बारा किलोमीटरवर कर्नाळा आहे. किल्ल्याचा उभा सुळका दुरूनच दिसतो. १९६८ साली या डोंगराभोवतीचं जंगल पक्षी अभयारण्य झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र ४.४८ चौरस किलोमीटर होतं. पुढे ते वाढून १२.११ झालं. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना या अभयारण्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता, आणि पुढे त्यांच्याच ‘पक्षीकोशा’ने मराठी माणसाला पक्ष्यांची गावोगावची नावं एका जागी मिळवून दिली. मामांसारख्यांच्या दृष्टीने कर्नाळ्याचं महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. बुलबुलाला किंवा कोकिळेला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. जंगलाच्या कडेची गावं, महामार्गालगतच्या रोपवाटिका, शिरढोण-पळस्प्याची परसदारं आणि पनवेलच्या सोसायट्या हा त्यांच्यासाठी एकच सलग मुलूख आहे. त्यामुळे सोसायटीच्या कुंपणात काय लावलं जातं याचा परिणाम कर्नाळ्याच्या पायथ्याशीही दिसतो. बुलबुल ज्या झाडाचं फळ खातो त्याचं बी कुठेतरी टाकतोच.

घाणेरीचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतलं हे झुडूप शोभेसाठी भारतात आणलं गेलं आणि आज देशभरच्या जंगलात त्याने खालचा थर व्यापलाय. काळ्या-जांभळ्या मण्यांसारखी फळं पक्षी आवडीने खातात आणि बी दूर नेतात. मामांकडे अधूनमधून कुणीतरी रंगीत घाणेरीच्या कुंड्या मागतं, छान फुलते म्हणून. मामा आणून देत नाहीत. पक्ष्यांना खायला मिळतंय एवढ्यावर झाड चांगलं ठरत नाही, हे त्यांचं मत ठाम आहे, आणि ते बरोबर आहे.

मग चांगलं झाड कुठलं? हिवाळ्यापुरतं बोलायचं तर पहिलं नाव वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक यांचं. ही सगळी एकाच कुळातली. उंबर फोडलं की आत चिलटांसारखे बारीक किडे दिसतात. या झाडांच्या प्रत्येक जातीचे परागण करणारे असे खास किडे असतात. किड्यांचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. एका झाडातून बाहेर पडलेल्या मादीला जवळपास कुठेतरी तयार फळ सापडलंच पाहिजे, नाहीतर तिचा वंश तिथेच थांबला. म्हणून एकाच जातीची सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत. एक वड कार्तिकात पिकतो, दुसरा पौषात, तिसरा चैत्रात. परिसरात पुरेशी झाडं असली तर वर्षाचा एकही महिना रिकामा जात नाही. रानात दुसरं काही नसताना तांबट, हरियाल, हळद्या आणि भोरड्या या झाडांवर तगतात ते याच कारणाने. एखादा वड पिकला की मामा लांबूनच ओळखतात. आवाजच वेगळा येतो. महामार्ग रुंद होताना कडेचे जुने वड गेले. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य झाडं आडवी केली. त्यांच्या जागी लावलेली झाडं बहुतेक झटपट वाढणारी आणि शोभेची आहेत. ती सावली देतात; पौषात फळ देत नाहीत.

सोसायटीच्या आवारात वड लावता येत नाही, हे मामांनाही समजतं. पाया, गटार, पाण्याच्या टाक्या, सगळीकडे मुळं जातात. तिथे मधल्या आणि लहान झाडांचं काम. सिंगापूर चेरी हे झाड नवी मुंबई-पनवेलच्या रस्त्यांवर भरपूर दिसतं. तेही मूळचं अमेरिकेतलंच, पण पनवेलमध्ये ते मोकळ्या, उकरलेल्या जागांवर वाढतं; दाट जंगलात त्याचं फार चालत नाही. जवळजवळ बारमाही फळतं. गुलाबी-लाल, गोड, बोटाने दाबलं तर फुटेल असं फळ आणि आत वाळूसारखं बारीक बी. शाळेतून येणारी मुलं, खारी, बुलबुल, फुलटोचे आणि रात्री वटवाघळं, सगळ्यांचा त्यावर हक्क. कुंतीला पांढऱ्या सुगंधी फुलांनंतर लाल फळं येतात आणि ती बुलबुलांची फार आवडती. कुंपणाच्या जाळीवर चढलेल्या तोंडलीची पिकून लाल झालेली फळं बुलबुल आणि साळुंक्या टोचून टोचून रिकामी करतात. गावाकडच्या कुंपणात पांढरफळी असे. तिचे पांढरे मणी पावसाळ्यापासून थंडीपर्यंत पुरतात. आता रोपवाटिकेत ती मागितली तर विक्रेताच चकित होतो.

फिशटेल पामच्या फळांचा घोस उतरवणं हे मामांचं सर्वांत नावडतं काम. कोकणात याच्या रानातल्या भावंडाला भेर्ली माड म्हणतात. फळाच्या गरात बारीक सुयांसारखे स्फटिक असतात आणि हाताला लागले की तासन्‌तास आग होते. कोकिळेला त्याचं काहीच नाही. बिट्टीचंही तसंच. पिवळ्या फुलांचं हे झाड माणसाला, गुराढोरांना विषारी, पण कोकिळ त्याची फळं खुशाल खाते. सोसायटीत लहान मुलं खेळतात म्हणून मामा बिट्टी आणि ड्युरांटा वाळूच्या खेळमैदानापासून लांब ठेवतात, आणि पालकांना स्पष्ट सांगतात की पक्षी खातो ते सगळं माणसाला चालत नाही.

एकदा एका सोसायटीतल्या काकूंनी गॅलरीत साखरपाण्याची वाटी ठेवायला सुरुवात केली होती. साळुंक्यांसाठी.

“काकू, त्यांना साखर देऊ नका. पेरूची फोड ठेवा,” मामा म्हणाले.

“गोडच ना दोन्ही?”

गोड दोन्ही, पण गोडव्यात फरक आहे. चहात घालतो ती उसाची साखर म्हणजे सुक्रोज. ते पचवायला लागणारं विकर साळुंकी, मैना आणि कस्तुर यांच्या कुळांतल्या पक्ष्यांकडे नसतं. साखर जास्त पोटात गेली तर त्यांना जुलाब होतात. पक्ष्यांमार्फत पसरणाऱ्या लहान रसाळ फळांत मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं आणि ते थेट शोषलं जातं. मामांनी हे एका पक्षीनिरीक्षकाकडून ऐकलं होतं आणि लक्षात ठेवलं. काकूंनी वाटीत साधं पाणी ठेवलं. उन्हाळ्यात ते जास्त उपयोगी पडलं.

या सगळ्या कामात मामा सर्वांत जास्त रेंगाळतात ते आंब्यापाशी. परसदार असलेले जुने बंगले पनवेल गावठाणात अजून थोडे उरलेत, तिथे हापूस-रायवळची झाडं आहेत आणि त्या झाडांवर बांडगूळ आहे. जाड, हिरवीगार पानं, आंब्याच्या पानापेक्षा वेगळी चमक, आणि थंडीत नारिंगी-लाल नळीसारखी फुलं. बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असल्याने ते अन्न स्वतः बनवतं. पाणी आणि क्षार मात्र आंब्याच्या फांदीतून ओढतं. त्यामुळे गाठीच्या पुढची फांदी वाळत जाते आणि मोहर कमी धरतो. मालकाचं म्हणणं सरळ असतं: सगळं काढून टाका.

बांडगूळ फांदीवर येतं कसं, याची गोष्ट सलीम अलींनी कोकणातल्याच निरीक्षणांवरून मांडली होती. सूर्यपक्षी आणि फुलटोचे बांडगुळाचा प्रसार कसा करतात यावरचा त्यांचा लेख १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या वसाहतीवर त्यांनी जे प्रसिद्ध काम केलं, ते याच वर्षांतलं. पनवेलहून किहीम फार लांब नाही. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी रायगडच्या किनाऱ्यावर जे पाहिलं गेलं, ते गावठाणातल्या कोणत्याही आंब्याखाली आजही तसंच बघायला मिळतं.

बांडगुळाची कळी भरली तरी बहुधा आपोआप उमलत नाही. फुलटोच्या किंवा सूर्यपक्षी तिला चोचीत धरून दाबतो, कळी एकदम फुटते आणि पराग त्याच्या कपाळावर उडतो. तो पुढच्या कळीकडे जातो. झाडाची अर्धी गरज इथे भागली. मग फळं धरतात, उन्हाळा चढता चढता पिकतात. फुलटोच्या हा आपल्याकडच्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक, आठ सेंटिमीटरच्या आसपासचा, मातकट हिरवा, सतत चिक-चिक करणारा. एवढासा पक्षी, पण बांडगुळाचं फळ त्याच्या मापाचं. गर पचतो, बी काही मिनिटांत बाहेर येतं, पण बियाभोवती कमालीचा चिकट लगदा असतो आणि ते सहज सुटत नाही. पक्षी फांदीवर आडवा होऊन, अंग घासून ते पुसून टाकतो. बी फांदीलाच चिकटतं आणि तिथेच रुजतं. जमिनीवर पडलं असतं तर वाया गेलं असतं. झाडाला हवी नेमकी तीच जागा त्याला पक्षी देतो.

मामांनी हे प्रत्यक्ष बघितलंय. शिडीवर बसलेला माणूस स्थिर राहिला तर फुलटोच्याला त्याची फिकीर नसते.

म्हणून आंब्याच्या मालकाशी त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. बांडगूळ नुसतं ओरबाडून काढलं तर फांदीत शिरलेल्या मुळांतून ते पुन्हा फुटतं. गाठीच्या खाली हातभर फांदी घेऊनच ते कापावं लागतं आणि कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी लागते. हे काम फळं पिकण्याआधी करायचं, म्हणजे नवं बी पसरत नाही. पण सगळ्या झाडांवरचं सगळं काढायचं नाही. आंब्याला धोका असेल तिथलं काढायचं. आवाराच्या कडेच्या बिनकामाच्या झाडावर एखादं झुपकं राहू द्यायचं. त्यावर फुलटोच्या आणि सूर्यपक्षी जगतातच, शिवाय हळदीकुंकू फुलपाखरू अंडी घालतं. पिवळ्या-पांढऱ्या पंखांवर लाल ठिपके असलेलं हे फुलपाखरू बागेत सगळ्यांना आवडतं, पण त्याच्या सुरवंटांना बांडगुळाची पानं लागतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. काही मालक ऐकतात. काही ऐकत नाहीत, आणि झाड त्यांचं असल्याने मामा सगळं कापून देतात. पुढच्या हिवाळ्यात त्या आवारात फुलटोच्याची चिक-चिक कमी झाली की ते मालकाला आठवणीने सांगतात.

पक्ष्यांविरुद्धची सगळ्यात मोठी तक्रार बांडगुळाची नसते, गाड्यांची असते. सिंगापूर चेरीखाली लावलेली पांढरी गाडी सकाळी जांभळ्या-तपकिरी ठिपक्यांनी भरलेली असते आणि सभेत ठराव येतो: झाड तोडा. एका ठिकाणी असा ठराव झालाही. मामांनी त्यावर एक उपाय सुचवला आणि तो टिकला. झाडाच्या पार्किंगवर आलेल्या बाजूच्या फांद्या त्यांनी दरवर्षी कमी केल्या आणि कुंपणाकडची बाजू वाढू दिली. झाड कलतं दिसतं, पण फळ आता मोकळ्या मातीवर पडतं. दयाळ आणि सातभाई तिथला पाचोळा उलथापालथा करत असतात. तो पाचोळाही मामा जाळत नाहीत. झाडांच्या आळ्यांत पसरतात. कस्तुर अशा पाचोळ्यातच किडे शोधतो. सिमेंटच्या फरशीवर त्याला काय मिळणार?

भिंतीवर उगवणारे पिंपळ हा या सगळ्याचा दुसऱ्या टोकाचा हिशोब. बुलबुल, साळुंकी, तांबट फळ खातात आणि बी गच्चीच्या कठड्याच्या भेगेत पडतं. पावसाळ्यात तिथून रोप वर येतं आणि दोन-तीन वर्षांत प्लास्टर फुगवतं. इमारतीसाठी हे वाईटच आणि वेळीच काढलं पाहिजे. मामा कोवळी रोपं मुळासकट सोडवतात, पिशवीत लावतात आणि गावाकडे, तळ्याकाठी किंवा टेकडीवर कुणी लावणार असेल तर देतात. हरियालाबद्दल मात्र ते हसून सांगतात की त्याच्याकडून रोपांची अपेक्षा ठेवू नये. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी वडाची फळं भरपूर खातो, पण त्याच्या पोटात बऱ्याच बिया भरडल्या जातात. बी पेरण्याचं काम बुलबुलाचं.

धोका खरा दोन गोष्टींचा आहे, आणि दोन्ही माणसाच्या हातातल्या. एक, फळझाडांवर टाकलेली नायलॉनची बारीक जाळी. चिकू-पेरू वाचतात, पण जाळीत बुलबुल आणि वटवाघळं अडकतात, आणि ती सोडवताना मामांच्या कात्रीचा धक्का लागून पंख जाईल की काय अशी धास्ती असते. ते मालकाला जाळीऐवजी एकेक फळ कापडी पिशवीत बांधायला सांगतात; कष्ट जास्त, पण फळही चांगलं राहतं. दुसरी, फळ धरलेल्या झुडपांवरची फवारणी. पांढऱ्या माशीसाठी, ढेकण्यांसाठी औषध मारायचं असेल तर आधी फळं संपू द्यायची, किंवा फवारायच्या आधी ती काढून टाकायची. औषध लागलेलं पिकलं फळ झाडावर सोडायचं नाही. हा नियम त्यांनी हाताखालच्या पोरांना इतका घोकून घेतलाय की आता पोरं स्वतःच विचारतात.

यंदा एका नव्या सोसायटीने कुंपण लावायचं काम दिलं तेव्हा मामांनी यादी स्वतः केली. सगळ्या बाजूंना ड्युरांटा नको. रस्त्याकडे करवंद, काटे असल्याने कुणी उडी मारून येणार नाही आणि वैशाखात फळ मिळेल. आतल्या बाजूला कुंती. मागच्या जाळीवर तोंडली, कंपाउंडच्या कोपऱ्यात एक भोकर. ड्युरांटा फक्त गेटपाशी, आणि त्याची छाटणी एकदम नाही: एका हिवाळ्यात डावी बाजू, पुढच्या हिवाळ्यात उजवी, म्हणजे एका बाजूला तरी मणी राहतील. सचिवांनी यादी वाचून विचारलं, कुंपण एकसारखं कधी दिसणार? मामांनी सांगितलं, मार्चनंतर. तोपर्यंत भोरड्यांचा मुक्काम आवरत आलेला असतो आणि रानात तोरणं पिकू लागतात.